पंखाची झडप

दुसऱ्याच्या घरचे धाडस मनुष्यास फार आवडते. कांदिवलीस चारकोपमध्ये अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि 2016 साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा त्यांचे कौतुक करण्यात मी कोणाच्याही मागे नव्हतो. परंतु अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये राहणाऱ्या माझ्या मुलीने आपल्या गॅरेजात धातूचे विमान बांधावयास घेतल्याचे कळविले, त्या दिवशी ते कौतुक कोठल्या कोठे गेले.

मी तिच्याकडे गेलो तेव्हा शेपूट पुरे झाले होते व फ्लॅपचे काम चालू होते. पंखाच्या मागील काठास, धडाच्या बाजूला, खाली वळणारी जी झडप असते तिला फ्लॅप म्हणतात. उतरताना ती खाली केली म्हणजे विमान कमी वेगातही हवेत तगते, आणि हवेचा विरोध वाढल्यामुळे वेग न वाढविता अधिक उतरणीने खाली येऊ शकते. दोन्ही पंखांच्या झडपा मात्र बरोबरीने उतरल्या पाहिजेत. एक उतरली व दुसरी अडकली तर विमान एका अंगास कलंडू लागते. हे मुलीनेच मला सांगितले. बापास धीर देण्याची ही तऱ्हा मला नवीन होती!

सुटे भाग त्याच राज्यातील ऑरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचे होते. त्यांची दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी बांधून उडविली आहेत. तेथील कायद्याप्रमाणे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे लागते. शिवाय, हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा-नियमांत ते बसत नाही, अशी पाटी प्रवाशास दिसेल तेथे लावावी लागते. इतका सरळपणा पुष्कळ घरांच्या दारांवरही शोभला असता. असो.

झडप म्हणजे ॲल्युमिनिअमच्या फासळ्यांवर चढविलेला, एक मिलिमीटरहूनही पातळ पत्रा. प्रत्येक भोकाच्या काठावरचे कुसळ काढावयाचे, कारण तडा जावयाचा तर तेथूनच सुरू होतो. मग रिव्हेटचे डोके पत्र्याशी सपाट बसावे म्हणून त्या काठास वाटीसारखा खोलगटपणा द्यावयाचा. हे काम शेकडो वेळा करावयाचे. दिवाळीच्या फराळाखेरीज इतकी चिकाटी मी घरात पाहिलेली नव्हती.

काही रिव्हेट बसवावयास दोन माणसे लागतात. बाहेरून एकाने हवेच्या दाबाची हातोडी चालवावयाची, आतून दुसऱ्याने पोलादाचा ठोकळा टेकवून धरावयाचा. एकास डोके दिसते, दुसऱ्यास शेपटी. एकमेकांची बाजू कोणासच दिसत नाही. ‘बाबा, ठोकळा सरळ धरा, दाबू नका,’ एवढ्याच उपदेशावर मी कामास लागलो. शेपटी चपटी होऊन मूळ जाडीच्या दीडपट रुंद व निम्मी उंच व्हावी, असा दंडक आहे.

तिसऱ्या फासळीवर एक शेपटी जराशी एका बाजूस झुकलेली मला आढळली. मुलीने मापपट्टी लावली, दिवा आत धरला, पुन्हा मापले.

‘काढून दुसरा बसव,’ मी म्हणालो.

‘मापात आहे, बाबा. काढताना गिरमिट जरा सरकले तर भोक मोठे होईल. मग खरेच कमजोर होईल.’

‘पण आतील पट्टी बसली की पुन्हा दिसावयाचा नाही.’

‘म्हणूनच आत्ता तीनदा मापला.’

मनाच्या समाधानासाठी ती रिव्हेट काढणार नव्हती, आणि मला तर केवळ मनाचे समाधान हवे होते. येण्यापूर्वी मला सबंध विमानाचे भय वाटत असे. आता ते आकसून अडीच मिलिमीटरांहूनही बारीक अशा एका रिव्हेटवर येऊन बसले. हे भय बाळगावयास पुष्कळच सोपे होते. दुसऱ्या दिवशी पुढची पट्टी बसली, आणि आतला भाग कायमचा मिटला.

निघण्यापूर्वी झडप बिजागरीवर चढवून पाहिली. ती अलगद खाली गेली, वर आली. सारी डोकी पत्र्याशी एकजीव, एकसारखी. मी तिसऱ्या फासळीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, ‘हाच ना तो?’

‘नव्हे,’ ती म्हणाली, ‘त्याच्या शेजारचा.’