दुसऱ्याचे मनोगत लिहिताना



पोळा झाला की आपल्या भित्तिपत्रकासाठी दरवर्षी ‘बैलाचे मनोगत’ येते. यंदा चौदा कागद आले. मी ते सगळे वाचले. बहुतेक बैलांनी सुरुवात एकच केली होती : “मी शेतकऱ्याचा खरा मित्र आहे. मी फार उपयोगी प्राणी आहे.” आता तुम्हीच सांगा, कोणता बैल स्वतःला उपयोगी प्राणी म्हणेल? हे बैलाविषयी पुस्तक बोलले. बैल बोललाच नाही.

एका कागदातला बैल मात्र खरेच बोलला. त्याने लिहिले होते : “काल खांदाले हळद-लोणी लावलं, तवा जुनी जखम झोंबली. मी लाथ झाडली. आज शिंगं रंगवली, झूल टाकली. काहून टाकली, मले समजलं नाही. झडत्या सुरू झाल्या अन् पोट्टे वरडले, तवा मले भेव वाटलं. जू कवा ठेवतात, याचीच वाट पाह्यली.”

हा बैल खरा का वाटतो? कारण त्याला जेवढे कळते तेवढेच तो सांगतो. अमावस्या, सण, संस्कृती हे त्याला कसे ठाऊक असणार? त्याला कुटाराचा वास ठाऊक, ढेपेची चव ठाऊक, डवऱ्याचा ओढा ठाऊक, तुतारीची आर ठाऊक. मालकापेक्षा रोज वैरण टाकणारा सालदार त्याला जवळचा. लिहिणाऱ्या मुलाने आपले शहाणपण बैलाच्या तोंडात कोंबले नाही. तो बैलाशेजारी बसला, त्याच्याकडे पाहिले, आणि मग लिहिले.

मोठे लेखकही हेच करतात बरं का. गो. नी. दांडेकर आपल्या परतवाड्याचे. जन्म १९१६ सालचा. त्यांची ‘पडघवली’ ही कादंबरी १९५५ साली निघाली. ती कोकणातली अंबूवहिनी सांगते. ‘मी’ म्हणून एक बाई बोलते, तिचे घर, तिचे गाव, तिचे दुःख सांगते. आणि लिहिणारा वऱ्हाडात जन्मलेला पुरुष! त्यांना हे कसे जमले? ते तरुणपणी पायी खूप हिंडले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले. नाना तऱ्हेची माणसे त्यांनी कान देऊन ऐकली. म्हणून कोकणातली बाई कोकणातल्यासारखी बोलली, आणि ‘पूर्णामायची लेकरं’मधली माणसे आपल्यासारखी वऱ्हाडी बोलली.

दुसरे आपल्या अमरावतीचे उद्धव शेळके. त्यांची ‘धग’ १९६० साली आली. तीत कौतिक नावाची बाई गरिबीत संसार ओढते. तिचा नवरा महादेव, त्याचा जीव कामात रमत नाही. कौतिक छापील, शुद्ध बोलली असती तर आपल्याला ती परकी वाटली असती. ती घरच्या बोलीत बोलते, म्हणून शेजारघरची वाटते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. लेखकाला कौतिकची कणव आहे, पण म्हणून त्याने महादेवाचा राक्षस केला नाही. तोही माणूसच राहतो. मोठे झालात की हे पुस्तक जरूर वाचा.

हे झाले पुस्तकांचे. आता आपल्या शाळेतले सांगतो. मागल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत ‘आईचे मनोगत’ हा विषय दिला होता. “माझे मुलांवर फार प्रेम आहे” असे कागदच पुष्कळ आले. पाचवीतली एक मुलगी वेचणीमुळे बरेच दिवस शाळेत नव्हती. आईने घरी ठेवले म्हणून ती आईशी बोलत नव्हती. तिने लिहिले : “पोरगी माह्यावर रागावली. रागावू दे. मजुरी किलोवर भेटते. माह्या दोन हातानं उचल फिटत नाही, म्हणून तिचे दोन हात घेतले. बोंडाच्या नख्या तिच्या बोटाले लागल्या. ते झोपल्यावर मी तेल लावलं. जागी असती तर लावू देलं नसतं.”

पालकसभेला तिची आई आली. तिला वाचता येत नाही. मी कागद वाचून दाखवला. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, हे मी इले कवा सांगतलं?”

मुलांनो, यापेक्षा मोठे बक्षीस लिहिणाऱ्याला नाही. ज्याचे मनोगत लिहिले, त्यानेच म्हणावे की हे माझ्या पोटातले आहे! मुलीने आईची बाजू घेतली नाही, की तिच्यावर ठपकाही ठेवला नाही. आपला राग तिने लपवला नाही. फक्त घटकाभर ती आईच्या जागी उभी राहिली. शाळा बुडणे वाईटच. ते मी आईला त्याच सभेत सांगितले. पुढे पोरगी काही दिवस आली, काही दिवस आली नाही. पण मायलेकींचा अबोला त्या दिवशी सुटला.

तर पुढच्या अंकाचा विषय असा : ज्याचा तुम्हाला राग येतो, त्याचे मनोगत लिहा. शेतातून हाकलणारा राखणदार असो, उधारी मागणारा दुकानदार असो, नाहीतर तुमचे गुरुजी असोत! आधी स्वतःला विचारा : याला काय ठाऊक आहे? याला काय हवे आहे? याला कशाचे भेव वाटते? हा घरी कोणत्या शब्दांत बोलतो? खरे नाव मात्र घालू नका. कोणाला भिंतीवर टांगायचे नाही. आणि घरची बोली आली तर येऊ द्या, तिच्यासाठी मी लाल शाई वापरणार नाही.

कागद आखीव घ्या. एकाच बाजूने लिहा, कारण दुसरी बाजू भिंतीला चिकटते.

— तुमचे गुरुजी