दोन तास पंचेचाळीस मिनिटे

अमेरिकेचा ऑलिंपिक मॅरेथॉन संघ निवडसमितीच्या बैठकीत ठरत नाही. चाचणी-शर्यतीतील पहिले तिघे सामान्यतः संघात जातात. परंतु त्या शर्यतीत उतरण्यासाठीही आधी ठरावीक वेळ नोंदवावी लागते. २०२० च्या अटलांटा येथील चाचणीसाठी स्त्रियांना ती २ तास ४५ मिनिटे होती. म्हणजे प्रत्येक किलोमीटर ३ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत, आणि असे बेचाळीस.

माझी कन्या नोकरी सांभाळून, पहाटे चारला उठून सराव करी. डिसेंबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटोच्या मॅरेथॉनमध्ये अवघे २३ सेकंद राखून तिने ती वेळ गाठली. अटलांटाच्या चढउतारांवर ती शेवटपर्यंत धावली. आप्तेष्ट अजून विचारतात, ‘‘पहिली आली का?’’

२०२४ च्या ऑर्लँडो चाचणीसाठी मर्यादा २ तास ३७ मिनिटांवर आली. आठ मिनिटे ऐकायला किरकोळ. पण किलोमीटरमागे ११ सेकंद वाचवायचे म्हणजे दुसराच देह हवा. संघात तिघीच जाणार होत्या, मग हे दार इतके अरुंद का करावे, हे मला आजही पटलेले नाही.

कन्या यावर बोलत नाही. ती २ तास ४१ मिनिटांपर्यंत पोहोचली होती. चाचणीच्या दिवशी सकाळी ती एकटीच बाहेर पडली आणि ३२ किलोमीटर धावून आली.