जंजिऱ्यात सांदण

मुलीचा निकाह ठरला, रुखसतीनंतर ती दोहाला जाणार हेही ठरलं. म्हणून मे महिन्यात आम्ही सगळे मुरूडला गेलो.

राजपुरीहून शिडाची होडी निघते. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, नुसती तटबंदी. हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकायचं! अम्मींचे गुडघे दुखतात, तरी नातीचा हात धरून उतरल्या. कलालबांगडी तोफ पाहिली, पण मुलं रमली गोड्या पाण्याच्या तलावापाशी. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये हे पाणी, सुबहानल्लाह! १९४८ मध्ये सिद्दींचं संस्थान विलीन झालं, त्यानंतरही बरीच वर्षं इथे कुटुंबं नांदत होती.

सावलीत डबा उघडला. तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं, वाफवलेलं सांदण. बेकरीचा केक यापुढे फिका (आम्ही कोकणातले, असंच म्हणणार).

"दोहात नारळ मिळतो ना गं?" अम्मींनी विचारलं.

"मिळतो, नानी."

"मग लिहून घे."

पण अम्मींचं प्रत्येक माप 'अंदाजाने'. शेवटी मुलीने त्यांचा आवाजच मोबाइलमध्ये भरून घेतला. मागे लाटांचाही आवाज आला आहे.