साजरे

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण नक्की कोणाला ऐकवायची असते? डोंगराकडे निघालेल्याला ऐकवली तर तो थांबत नाही. उतरून आलेल्याला ऐकवली तर तो पायातला काटा काढत बसतो आणि आपल्याकडे बघतसुद्धा नाही. तरी आठ दिवस झाले, ती माझ्या तोंडातून जात नाही. तिच्या मागोमाग एक गाणंही आलंय.

गाणं आपल्याकडचं नाही. 'द पोस्टल सर्व्हिस' या अमेरिकन बँडचं, २००३ सालचं 'सच ग्रेट हाइट्स'. नावातच उंची आहे, आणि आशय जरा खरवडला तर खाली आपलीच म्हण निघते. आपण ती टोमणा म्हणून मारतो, त्यांनी तिचं प्रेमगीत केलं, एवढाच फरक. सुरुवातीला संगणकी ठोक्यांची एक बारीक टिकटिक आहे, डब्यात वाटाणे घालून कोणी हलवावेत तशी. आणि त्यावर एक अगदी शेजारच्या घरातून आल्यासारखा साधा आवाज.

टिकटिक जिमी टॅम्बोरेलोची, आवाज बेन गिबर्डचा. जिमी लॉस एंजेलिसला, बेन सिअ‍ॅटलला. मधे दीड हजार किलोमीटर. बेनचा स्वतःचा 'डेथ कॅब फॉर क्युटी' हा गिटारवाल्यांचा बँड होता. जिमी एकटाच यंत्रांवर काम करायचा. त्याचं आधीचं संगीत धुक्यासारखं, पाहुणे आवाज त्यात येऊन विरून जायचे. २००१च्या त्याच्या अल्बमसाठी दोघांनी एक गाणं केलं, ते जमलं, मग पूर्ण अल्बमच करू असं ठरलं. जिमी चाल आणि ताल डॅट कॅसेटवर भरून टपालाने पाठवायचा. ही कॅसेट नेहमीच्या कॅसेटहूनही लहान. बेन त्यात हवी तशी कापाकापी करून, शब्द आणि आवाज घालून ती परत टपालात टाकायचा. बँडचं नाव त्यावरूनच पडलं. धुक्याला मुखडा आला तो या येण्याजाण्यात. गायिका जेनी लुईसचाही आवाज त्यात आला, आणि दहा गाण्यांचा 'गिव्ह अप' निघाला. खऱ्या अमेरिकन टपालखात्याने नावावरून नोटीस धाडली (तीही टपालानेच आली असणार!), मग तडजोड झाली आणि २००४ मध्ये हा बँड त्याच खात्याच्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत गाऊन आला.

'साजरा' म्हणताना मला त्यात साज ऐकू येतो. आपण म्हणतो ना, गाण्याला साज चढवला. म्हणजे आधी गाणं, मग साज. इथे उलटं: आधी साज टपालाने आला, गाणं नंतर त्यात राहायला आलं. दोघं एका खोलीत बसले असते तर? एक म्हणाला असता, इथे जरा थांबूया. दुसरा भिडेपोटी थांबला असता. पाकीट भीड धरत नाही. म्हणून ती गाणी साजरी झाली असावीत, असं मी परवापर्यंत धरून चाललो होतो.

पण डोंगराचं काय?

आमच्या वाईच्या गच्चीवरून पांडवगड दिसायचा. निळा. पावसाळ्यात अर्धा गायब. मी आठवीत असताना थोरल्या भावाने, अण्णाने, मला पहिल्यांदा वर नेलं. जवळ जाऊ तसा निळा रंग निघून गेला आणि खाली पिवळं गवत, घसरडा मुरूम, करवंदीच्या जाळ्या. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अण्णाने सुतळीने तो बांधून दिला आणि म्हणाला, "रडू नकोस, वर गेल्यावर बघ." वर टाक्याशी बसून दशम्या खाल्ल्या. त्याने बोट दाखवलं, "ते बघ आपलं घर." धोम धरणाचं पाणी चकाकत होतं, कृष्णेची रेघ दिसत होती, पण त्या कौलांच्या गर्दीत आमची गच्ची मला काही सापडली नाही. तरी "दिसली" म्हणालो. खरं तर मी वेगळंच बघत होतो. ज्या बोळात डुकरं लोळायची, जिथे आई नळावर रोज भांडायची, ते आमचं गाव निळं दिसत होतं.

म्हणीत डोंगराची बाजूच नाही. डोंगरालाही आपण दुरून साजरेच दिसत असणार, आणि तोही कोणाला तरी टोमणे मारत असणार. तेव्हापासून मला ही म्हण अर्धी वाटते. उरलेली अर्धी काय, ते मात्र सुचत नाही.

आणि अंतरानेच सगळं होत असतं, तर दुसरा अल्बमही झाला असता. टपाल काही बंद पडलं नव्हतं. 'गिव्ह अप' अमेरिकेत दहा लाख प्रतींवर खपला, तो काढणाऱ्या 'सब पॉप' कंपनीच्या इतिहासात 'निर्वाणा'च्या 'ब्लीच'खालोखाल. तरीही दुसरा निघालाच नाही. बेनचा मूळ बँड मोठा झाला, हे एक कारण. २०१३ मध्ये ते पुन्हा मंचावर आले, २०२३ मध्येही आले. दोन्ही वेळा त्याच अल्बमची वर्षं साजरी करायला. हा 'साजरा' वेगळा, की तोच?

आता अण्णा म्हणतो, कायमचाच घरी परत येतो. पंचवीस वर्षं तो लांब, आणि दर रविवारी आम्ही फोनवर तासभर बोलत आलो. मी "ये" म्हणालो, लगेच म्हणालो. वरची खोली रिकामी करायला घेतली आहे. गच्चीसमोर आता इमारत उठली आहे, त्यामुळे पांडवगड फक्त त्या खोलीच्या खिडकीतून दिसतो, तोही अर्धाच. पलंग खिडकीकडे तोंड करून लावू की पाठ करून, यावर कालपासून अडलोय.