दिवसाचे घर

घरातील लेकरे आणि म्हातारी माणसे दिवसभर कोणी सांभाळावयाची, असे आपल्या आजीला कोणी विचारले असते, तर तिला हा प्रश्न म्हणून उमगलाच नसता. "कोणी म्हणजे? घरात माणसे नाहीत का?" असेच ती म्हणाली असती. आज तोच प्रश्न घरोघर उभा आहे, आणि त्याला उत्तर म्हणून बहुतेक सुशिक्षित मंडळी एक सुस्कारा टाकतात, "एकत्र कुटुंब गेले, तेथेच सारे गेले!" हा सुस्कारा प्रामाणिक असतो. परंतु तो पुरता खरा असतो, असे आम्हांस वाटत नाही.

एकत्र कुटुंबातील ती सांभाळणारी 'माणसे' कोण होती, हे जरा आठवून पाहावे. कर्ते पुरुष कचेरीत असत, सुना चुलीपुढे असत. तान्ह्याला न्हाऊमाखू घालणे, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस पालटणे, मागच्या खोलीतल्या मंदबुद्धी दिराला वेळेवर भरविणे, ही कामे बहुधा एखाद्या विधवा आत्याच्या किंवा काकूच्या वाट्यास येत. तिला दुसरीकडे जाण्यास ठिकाण नव्हते, म्हणून ती घरात 'होती'. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० साली तो हिंगण्यास नेला, तेव्हा विधवांच्या शिक्षणाने धर्म बुडेल असा ओरडा पुष्कळ झाला. ती चिंता धर्माची असेलही. परंतु ह्या बायका शिकून बाहेर पडल्या तर घरचे कोण पाहील, ही चिंता तीत मुळीच नसेल, असे आम्हांस म्हणवत नाही. अशांपैकी एक काकू आमच्याही घरी आहेत. त्यांच्याविषयी पुढे सांगूच.

आम्ही राहतो ते शिक्रापूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, चाकणचा फाटा फुटतो तेथे वसले आहे. एके काळचे हे शेतीचे गाव. आता एका अंगास सणसवाडी व कोरेगाव भीमा, दुसऱ्या अंगास रांजणगाव, आणि सर्वत्र कारखाने. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेली जोडपी एकेका खोलीत बिऱ्हाड करून आहेत. त्यांची आजी गावी राहिली, शेजारीण स्वतःच कामावर जाते. मग मूल कोठे ठेवावे? श्रीमंतास व गरिबास, ब्राह्मणास व बाकीच्यांस हा प्रश्न सारखाच पडतो. उत्तर मात्र ज्याच्या त्याच्या पैशाप्रमाणे मिळते.

अंगणवाडी आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि ती फार मोलाची आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस अनुताई वाघ ह्यांना हाताशी घेऊन जे काम आरंभिले, त्यातून हा शब्द जन्मास आला. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, इतका तो विचार साधा होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. परंतु मुलाच्या पोटात पोषक घास जावा, त्यास लस टोचली जावी, अक्षरांची गोडी लागावी, ह्यासाठी ती निघाली. आईच्या कामाच्या वेळेशी तिचे घड्याळ जुळविलेले नाही. कारखान्याची पाळी आठ तासांची, जाणेयेणे धरून दहांची. अंगणवाडी त्याआधी कितीतरी सुटते. मधले तास कोण भरून काढते, हे पाहावयाचे असेल तर शाळेचा हजेरीपट पाहावा. आम्हां उभयतांपैकी एक शिक्षिका आहे. आठवी-नववीतल्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागल्या, की घरी धाकटे भावंड आहे आणि आईने काम धरले आहे, हे चौकशीवाचून समजते. शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात तर तोडणीच्या हंगामात हे उघड्यावरच दिसते: फडाच्या बांधावर लुगड्याची झोळी, झोळीत तान्हे, आणि झोका देणारी सात वर्षांची ताई.

सरकारास हे ठाऊक नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर हवे असे म्हटले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली गेली. २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर हे बंधन आले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. २०२२ साली अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देणारी 'पाळणा' योजना केंद्र सरकारने आखली. हे सर्व चांगलेच झाले. तथापि जी बाई ठेकेदाराच्या हाताखाली पाच-सात जणींबरोबर राबते किंवा चार घरची धुणीभांडी करते, तिला आस्थापनेच्या संख्येवर बेतलेला कायदा गाठीत नाही. दिल्लीत मीरा महादेवन ह्यांनी १९६९ साली राजघाटाजवळच्या बांधकामावर मजूर आयांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर मांडले, त्याचे मर्म हेच होते: जेथे आई राबते तेथेच मुलाची सोय गेली पाहिजे.

मुलांची गोष्ट निदान बोलली तरी जाते. मोठ्या माणसांची बोललीही जात नाही. आता आमच्या काकूंविषयी.

काकू बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्यानंतर घरातली पाच मुले त्यांच्या मांडीवर वाढली. आज त्या चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत आणि गेली तीन वर्षे त्यांना विस्मृतीचा विकार आहे. जगात साडेपाच कोटींहून अधिक माणसे ह्या विकाराने पीडित आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते वाचून आमचे कोडे काही सुटत नव्हते. आम्ही दोघेही नोकरीवर, मुलगा शाळेत. गॅस उघडा राहू लागला. एकदा काकू भर दुपारी हमरस्त्याच्या कडेला "टांगा कधी येणार?" असे विचारीत उभ्या सापडल्या. दारास बाहेरून कडी घालावी, असा सल्ला अनेकांनी दिला. ज्या बाईने आम्हांस कधी अंधाऱ्या खोलीची भीतीसुद्धा घातली नाही, तिला कोंडावे कसे? वृद्धाश्रमाचाही सल्ला आला. परंतु रात्री आम्ही घरी असतोच; अडचण होती ती दिवसाची.

आमच्याच आळीत एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांनी आपल्या घराची पुढली खोली अशा माणसांसाठी उघडली आहे. सकाळी नऊ ते सायंकाळी साडेपाच. तेथे काकूंखेरीज दोन आजोबा येतात, आणि एक पंचविशीतला तरुण येतो, ज्याची बुद्धी सहा वर्षांच्या मुलाएवढी आहे. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला विशेष शाळा होती, पुढे काहीच नव्हते. आई त्याच्यापायी घरात अडकून पडली होती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा माणसांच्या आयुष्यभराच्या हिताची काळजी वाहावयाचे ठरविले, दिवसाची केंद्रेही योजिली. परंतु योजना कागदावरून गावाच्या आळीपर्यंत येण्यास वेळ लागतो, आणि आईचे वय तोवर थांबत नाही.

तेथे काही चमत्कार होत नाही. काकूंचा विकार बरा होणारा नाही, हे आम्ही जाणतो. त्या तांदूळ निवडतात, शेंगा सोलतात, त्या तरुणाला वाती वळावयास शिकवितात. पाच मुले वाढविलेल्या हातांना पुन्हा एक शिष्य मिळाला आहे. दिवसा हातांना काम आणि अंगावर ऊन मिळाल्यामुळे रात्रीची तगमग पुष्कळ उतरली आहे. आणि एक गोष्ट आम्हांस अगदी अनपेक्षित होती. रोज सकाळी पिशवी खांद्यास लावून त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहतात आणि म्हणतात, "चला, मला कामावर उशीर होतो." साठ वर्षे ह्या घराचे काम केले, ते कोणी काम म्हटले नाही. आता कोठे त्या स्वतःच्या मनाने 'कामावर' जातात.

"घरचे माणूस बाहेर ठेवले!" असे बोल आम्हांस ऐकावे लागलेच. त्यांचे मूळ, आमच्या मते, भाषेतच आहे. मुलासाठी आपल्याकडे 'पाळणाघर' हा शब्द आहे. मूल तेथे सकाळी जाते आणि सायंकाळी परत येते, हे कोणास समजावून द्यावे लागत नाही. म्हाताऱ्या माणसासाठी मात्र आपल्याजवळ दोनच शब्द आहेत, घर आणि आश्रम. आश्रमात गेलेले माणूस परत येत नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर पडणे म्हणजे टाकणे, असे समीकरण होऊन बसले. परदेशात १९५० च्या दशकातच ऑक्सफर्डच्या डॉ. लायनेल कोझिन ह्यांनी वृद्धांसाठी दिवसाचे रुग्णालय चालविले, ते माणूस आपल्या घरी राहू शकावे एवढ्याचसाठी. सायंकाळी परत येणे, ह्यातच त्या व्यवस्थेचे सर्व शील आहे. आमच्या आळीतल्या पोरांनी त्या खोलीस 'आजींची शाळा' असे नाव दिले आहे. विद्वानांना ह्याहून चांगले सुचेपर्यंत तेच पुरे.

परंतु सांभाळणारीचे काय? एका आत्याच्या फुकट श्रमांवरून आपण उठलो आणि दुसऱ्या बाईच्या स्वस्त श्रमांवर बसलो, तर सुधारणा ती कोणती? अंगणवाडी सेविकेस मिळते ते वेतन नव्हे, 'मानधन'; २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला उपदानाचा हक्क मान्य केला, तेथवर येण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली. म्हणून आमच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते. आपले मूल वा वडील माणूस कोठे ठेवताना उजेड, वारा, बसावयाचा शौचकूप, आणि एकेकीकडे किती माणसे, हे तर पाहावेच. पण तेथे काम करणारीला काय मिळते हेही न लाजता विचारावे. दर कमी असल्याचा आनंद मानू नये.

आणि ज्यांच्या गावी अशी जागा नाही, त्यांनी दुपारच्या वेळी आपल्या गावातून एक फेरी मारावी. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, मंगल कार्यालय, ही सारी लग्नसराई आणि सप्ताह सोडले तर दिवसा रिकामी असतात. त्याच वेळी कडी घातलेल्या दारांआड माणसे बसलेली असतात, आणि नववीतली एखादी मुलगी शाळेऐवजी झोका देत असते. जागा आहे, माणसे आहेत. ह्या दोहोंची गाठ घालून देणे हे आपणा शिकल्यासवरलेल्यांचे काम होय.