अण्णांचा अल्बम आणि पुतण्याचे एनएफटी

आमच्या इंदूरच्या घरात दिवाळीपासून एक वाद चालू आहे, तो इथे मांडते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असा एखादा अल्बम कपाटात पडलेला असणारच.

माझे वडील, म्हणजे अण्णा, होळकर संस्थानाची टपाल तिकिटं जमवायचे. संस्थानाची स्वतःची तिकिटं १८८६ साली निघाली, पहिल्यावर दुसरे तुकोजीराव आहेत. बंगळुरूला असलेला माझा पुतण्या म्हणतो, "आत्या, हा अल्बम विकून जुने एनएफटी घेऊ. वाळवी नाही, नकली निघायची भीती नाही."

एनएफटी म्हणजे संगणकावरच्या चित्राचा मालकी-दाखला, सगळ्यांना दिसणाऱ्या सार्वजनिक वहीत नोंदलेला. ती नोंद मागच्या तारखेने करता येत नाही. हा मुद्दा मला पटला. जुन्या तिकिटावर खोटा शिक्का मारून विकणारे पायलीला पन्नास!

पण जुनं म्हणजे मोलाचं, हे काही खरं नाही. २०१७ सालचीच दोन उदाहरणं बघा. जूनमध्ये क्रिप्टोपंक निघाले, एकूण दहा हजार चेहरे, त्यातले नऊ हजार तर फुकट वाटले. २०२२ मध्ये त्यातला एक दोन कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षाअखेर क्रिप्टोकिटीज आल्या. या मांजरांना पिल्लं होऊ शकत होती, आणि ती झाली, लाखोंनी! आज साध्या मांजरीला कुणी विचारत नाही. वय दोघांचं सारखंच.

तिकिटांतही हेच. अण्णांची अर्ध्या आण्याची बरीच तिकिटं शंभर वर्षांवरची आहेत, पण थोडक्यातच जातात. उलट ग्वाल्हेरच्या ज्या तिकिटांवर छापताना इंग्रजी नावातलं 'ओ' अक्षर चुकून 'सी' झालं, ती शोधत लोक फिरतात.

नव्या मालाचं वेगळंच. तो जमवायला म्हणूनच काढलेला असतो. ऐंशीच्या दशकात अण्णा दर महिन्याला पोस्टातून फर्स्ट डे कव्हर आणायचे, आणि त्यांच्यासारखेच सगळे आणायचे. सगळ्यांनीच जपून ठेवली, मग दुर्मिळ काय राहणार? २०२१ च्या एप्रिलमध्ये निघालेले बोर्ड एप, ती माकडांची चित्रं, एका वर्षात शंभर इथरच्या वर गेली आणि २०२४ पर्यंत पार दहाव्या हिश्शाच्या आसपास आली. शिवाय कित्येक एनएफटींचं चित्र त्या वहीत नसतंच, नुसता पत्ता असतो. ज्या कंपनीकडे चित्र ठेवलंय ती बुडाली की रिकामी चौकट. (पंकवाल्यांनी २०२१ मध्ये चित्रंही वहीतच नेऊन ठेवली, हे शहाणपणाचं.) आपल्याकडे २०२२ पासून अशा विक्रीच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या कशात वळता करता येत नाही. हे पुतण्याला मीच सांगितलं. बँकेत पस्तीस वर्षं काढलीत!

तिकीट फाटतं, भिजतं, रद्दीत जातं, म्हणून उरलेल्याला भाव येतो. पंक दहा हजार होते, दहा हजारच राहणार. फार तर कुणी किल्ली हरवली तर तो अडकून पडेल. त्याची किंमत आहे ती पहिलेपणाची, ती गोष्ट आठवणारे लोक आहेत म्हणून.

यावर पुतण्या म्हणाला, "मग आत्या, तुमच्यानंतर होळकरांची गोष्ट आठवणारं कोण आहे?"

हे लागलं मला. रामबागेतली निम्मी मराठी घरं विकली गेली, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेला. प्रश्न चुकीचा नव्हता त्याचा.

तर सध्या ठरलंय असं: फर्स्ट डे कव्हरं विकायची, जे येईल ते त्याचं, घेऊ दे हवं ते. होळकरांचा अल्बम राहील. मात्र दर रविवारी फोनवर तो एकेक पान माझ्याकडून समजून घेणार. तीन पानं झालीत.

ग्वाल्हेरच्या मंडळींपैकी कुणाकडे ते 'सी' वालं तिकीट असेल तर फोटो टाका ना. अण्णांकडे नव्हतं, आणि पुतण्याला बघायचंय.