नाटकाचं शिक्षण आणि पोटाचा प्रश्न

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मोहल्ल्यातल्या एका गृहस्थांनी मला थांबवलं. "सर, पोरगं बी. कॉम. झालं. आता नाटक शिकायला जायचं म्हणतंय. तुम्ही शिकून आलात. खरं सांगा, त्यात पोट भरतं का?"

हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी अब्बांनी मला विचारला होता. अब्बा सोलापुरात यंत्रमागावर कामाला होते. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, नुसती जिद्द होती.

तीन वर्षं शिकलो. पहाटे व्यायाम, मग आवाज आणि उच्चार, दुपारी सुतारकाम, शिवण, प्रकाशयोजना, रात्री उशिरापर्यंत तालीम. घरी दखनी बोलणारा मी. एकेका शब्दासाठी वर्गात हसं झालं. रात्री उशीत तोंड खुपसून रडलोही. बाहेर पडलो तेव्हा हातात पदविका होती आणि मुंबईत खोलीच्या भाड्याला पैसे नव्हते. चार वर्षं मालिकांत दोन-दोन वाक्यांची कामं केली. नाव ऐकलं की बहुतेक वेळा अतिरेक्याचीच भूमिका पुढे यायची. अब्बांच्या इंतकालाची खबर आली, तेव्हा गावी जायचं तिकीट उसन्या पैशांनी काढलं. पुढे सोलापुरात शिक्षक झालो.

लोक इरफान खान आणि नवाजुद्दीन सिद्दीकी यांची नावं घेतात. दोघेही दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे. पण इरफान १९८७ साली तिथून बाहेर पडले आणि 'द वॉरियर' आला २००१ साली. नवाजुद्दीन १९९६ साली बाहेर पडले, 'गँग्ज ऑफ वासेपूर' आला २०१२ साली. मधली चौदा-सोळा वर्षं कुणी मोजत नाही. त्यांच्यासोबत शिकलेल्या बाकीच्यांची नावंही कुणी विचारत नाही.

मग ती तीन वर्षं वाया गेली का?

शिकून झाल्यावर आमचं एक नाटक घेऊन मी सोलापूरला आलो होतो. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग होता. अब्बा लाजून शेवटच्या रांगेत बसले होते. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच अधू झाले होते. घरी आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायचो. प्रयोगानंतर ते एवढंच म्हणाले, "सब सुनाई आया, बेटा."

आज वर्गातली अबोल मुलगी उभी राहून धडा वाचते, कचेरीत साहेबांपुढे मोहल्ल्याची तक्रार मला आवाज न चढवता मांडता येते, तेव्हा ते वाक्य आठवतं.

त्या गृहस्थांना म्हणालो, "भाई, पोट भरेल याची हमी नाही. पोराला हिशेबाचं काम येतं, ते सुटू देऊ नका. पण शिक्षण फुकट जाईल असंही मी म्हणणार नाही. रविवारी त्याला घेऊन या. चार वर्षांची उधारीही सांगतो आणि अब्बांचं वाक्यही. मग त्यानंच ठरवावं."